माळव्याचे ऊन आणि विजेचे देयक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आम्हाला पदार्थविज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने बोलताना विषय मोजमापाचा असावा, असे मला वाटले. आयुष्याची चौतीस वर्षे मी विजेच्या नोकरीत काढली, त्यामुळे विषय शोधायला दूर जावे लागले नाही. मध्य प्रदेशात सूर्यापासून किती वीज मिळू शकते, ती कितीला पडते आणि तरीही आपल्या घरी येणारे विजेचे देयक का उतरत नाही, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रश्न किती टोकदार आहे, हे एका जिल्ह्याच्या दोन आकड्यांवरून दिसेल. नीमच जिल्ह्यात भगवानपुरा येथे जो सौर प्रकल्प उभा राहून २०१४ साली सुरू झाला, त्याची वीज राज्याने ८.०५ रुपये युनिट या दराने घेण्याचे ठरवले होते; त्या निविदा २०१२ च्या आहेत. त्याच नीमच जिल्ह्यातील नव्या सौर उद्यानासाठी जुलै २०२१ मध्ये बोली लागली, तेव्हा दर २.१४ रुपयांपर्यंत खाली आला. नऊ वर्षांत चौथाई! नीमचचे ऊन त्या काळात बदललेले नाही, जमीनही तीच काळी-तांबडी. मग स्वस्त काय झाले? आणि त्याच काळात इंदूरच्या घरगुती ग्राहकाचा दर खाली न येता वर का चढला?

आधी उन्हाविषयी. माळव्याच्या पठारावर वर्षाची सरासरी काढली, तर सपाट जमिनीच्या एक चौरस मीटरवर दिवसाला सुमारे सव्वापाच ते साडेपाच युनिट इतकी सौरऊर्जा पडते. राजस्थानच्या वाळवंटात याहून थोडी अधिक पडते. जर्मनीत, जिथे सौर विजेचा प्रसार आपल्यापेक्षा कितीतरी आधी झाला, तिथे सुमारे निम्मी. एक किलोवॅटची सौर पॅनेले गच्चीवर बसवली, तर आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज हाती येते. हा चाराचा आकडा कृपया लक्षात ठेवावा. पुढचे बरेचसे हिशेब त्याच्यावरच होणार आहेत.

पुष्कळांना वाटते की कडक उन्हाळा म्हणजे भरपूर वीज. तसे नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची शक्ती २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे ती सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरचे पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे सातवा हिस्सा वीज केवळ तापण्यात जाते. फेब्रुवारी-मार्चमधले स्वच्छ, कोरडे आणि गार दिवस त्या मानाने फार गुणाचे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन पडते, हे सांगावयास नकोच.

राज्याची एकूण क्षमता किती? राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने पडीक जमिनीचा एक छोटा अंश वापरता येईल असे धरून २०१४ च्या सुमारास जो अंदाज बांधला, त्यात मध्य प्रदेशाच्या वाट्याला सुमारे ६१,६६० मेगावॅट आले. देशाचा आकडा तेव्हा ७,४९,००० मेगावॅटच्या घरात होता. अशा आकड्यांवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. जमीन किती टक्के धरायची हे ठरवणाऱ्याच्या हातात असते. टक्का वाढवला की क्षमता वाढते. त्यापेक्षा डिसेंबर २०२४ मधली राज्याची विजेची सर्वोच्च मागणी सुमारे १८,९०० मेगावॅट होती, हा आकडा शेजारी ठेवला की मुद्दा स्पष्ट होतो. ऊन गरजेपेक्षा कमी पडेल, ही भीती आपल्याला बाळगण्याचे कारण नाही. अडचण दुसरीकडे आहे.

आता दर का उतरला ते पाहू. एक कारण सर्वज्ञात आहे. चीनमध्ये प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्याने पॅनेलांच्या किमती जगभर कोसळल्या. त्याचे श्रेय आपल्याला घेता येणार नाही. पण दुसरे कारण आपल्या राज्याने घडवले, आणि त्याची कथा मला पॅनेलांच्या कथेहून अधिक बोधप्रद वाटते. ती रीवाची कथा.

रीवा हे गाव आपल्यापासून दूर, राज्याच्या पार ईशान्येला, बघेलखंडात. (रेवा हे आपल्या नर्मदेचे नाव, या शहराचा मात्र नर्मदेच्या काठाशी संबंध नाही.) तेथील गुढ तहसिलीत सुमारे १,६०० हेक्टर जमिनीवर ७५० मेगावॅटचे सौर उद्यान उभारायचे ठरले. हिशेब केला तर मेगावॅटमागे पाच एकरांहून थोडी अधिक जमीन पडते. रीवाचे ऊन काही देशात सर्वोत्तम नाही. जोधपूरकडचे ऊन त्याहून सरस. तोवर देशातला सर्वांत कमी दर जानेवारी २०१६ मध्ये राजस्थानात निघालेला ४.३४ रुपयांचा होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये रीवासाठी उतरत्या बोलीचा लिलाव झाला. तो तेहतीस तास चालला आणि पहिल्या वर्षाचा दर २.९७ रुपयांवर येऊन थांबला. पुढे पंधरा वर्षे दरवर्षी पाच पैशांची वाढ. पंचवीस वर्षांचा समतल (लेव्हलाइज्ड) दर काढला तर ३.३० रुपये.

कमी उन्हाच्या जागी कमी दर कसा निघाला? सौर प्रकल्पाचा खर्च जवळजवळ सगळा आरंभीच होतो. त्याला कोळसा लागत नाही, इंधनाचे देयक कधीच येत नाही. म्हणून त्याच्या विजेचा दर प्रामुख्याने एकाच गोष्टीवर ठरतो: उभारणीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज किती. आणि व्याज किती, हे सावकाराला वसुलीची किती खात्री वाटते यावर ठरते. राज्यांच्या वीज कंपन्या पैसे वेळेवर देत नाहीत, हा गुंतवणूकदारांचा जुना अनुभव. कागदोपत्री दर काहीही असो, तो रक्कम सहा महिने अडकणार हे गृहीत धरूनच बोली लावतो. रीवाच्या करारात यावर तिहेरी बंदोबस्त केला गेला. बँकेचे हमीपत्र, त्यामागे देयकांसाठी राखून ठेवलेला वेगळा निधी आणि त्याच्याही मागे राज्य शासनाची हमी. शिवाय तारांची व्यवस्था कोलमडल्यामुळे प्रकल्पाची वीज उचलता आली नाही, तर त्याचीही भरपाई. उद्यानातील अंतर्गत वाहिन्या आणि उपकेंद्रे यांसाठी जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. ग्राहक म्हणून दिल्ली मेट्रोला सामील करून घेतले. सुमारे चौथाई वीज तिकडे जाते, उरलेली राज्यात. रोज तिकीटखिडकीवर रोकड जमा करणारा ग्राहक, म्हणजे सावकाराच्या दृष्टीने सोन्यासारखा. १० जुलै २०२० रोजी प्रकल्पाचे औपचारिक उद्घाटन झाले.

माझ्या मते मध्य प्रदेशाने देशाच्या सौर विजेला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी आहे. पंतोजी म्हणत त्याप्रमाणे व्यवहार चोख ठेवला की उधारी स्वस्त मिळते. इथे ती युनिटमागे रुपयाहून अधिक स्वस्त मिळाली. तीच पद्धत पुढे आगर, शाजापूर आणि नीमचच्या उद्यानांना लावली आणि नीमचला २.१४ रुपयांचा दर मिळाला.

इतके सगळे झाल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात स्वाभाविकपणे येते की, जर सूर्याची वीज सव्वादोन-तीन रुपयांना मिळते, तर मला सहा-सात रुपये का पडतात? या प्रश्नाचे उत्तर देताना मी नेहमी खानावळीचा दाखला देतो.

समजा, एका खानावळीत पन्नास जण महिनेवारीने दोन्ही वेळ जेवतात. मालकाने त्यांच्यासाठी दोन आचारी ठेवले, भांडी घेतली, जागा भाड्याने घेतली. एके दिवशी शेजारी कोणीतरी दुपारचे जेवण निम्म्या किमतीत देऊ लागले. पन्नासही जण दुपारी तिकडे जाऊ लागले, पण रात्री आठ वाजता पुन्हा सगळे याच्याच पाटावर! मालकाचे दुपारचे तांदूळ वाचले हे खरे. आचाऱ्यांचे पगार, जागेचे भाडे आणि पन्नास ताटे मात्र तशीच राहिली. आता तो रात्रीच्या जेवणाचा दर वाढवणार नाही तर काय करील?

वीज कंपनीची स्थिती नेमकी अशी आहे. खंडवा जिल्ह्यातील २,५२० मेगावॅटचे श्री सिंगाजी औष्णिक केंद्र किंवा त्यासारखी इतर केंद्रे यांच्याशी केलेले करार दुहेरी दराचे असतात. एक भाग जळलेल्या कोळशाचा, म्हणजे वीज घेतली तर द्यावयाचा. दुसरा भाग स्थिर आकाराचा, म्हणजे केंद्र सज्ज आहे एवढ्यासाठीच द्यावयाचा, मग वीज उचला अथवा उचलू नका. सौर वीज आली की दुपारी कोळसा वाचतो. स्थिर आकार वाचत नाही. आणि संध्याकाळी साडेसहाला, सूर्य मावळलेला असताना, घरोघरी दिवे, पंखे, पाण्याचे पंप, दूरचित्रवाणी संच एकदम सुरू होतात, तेव्हा त्याच केंद्रांकडे धावावे लागते. ज्या यंत्राला दुपारी मंद आचेवर ठेवले त्याला तासाभरात पूर्ण वेगावर आणणे हा यंत्रावरही ताण आणि खर्चातही भर. औष्णिक केंद्राचा बाष्पक म्हणजे काही घरातला गॅसचा बर्नर नव्हे.

आपल्या राज्यात याला आणखी एक पदर आहे. इतर अनेक राज्यांची सर्वोच्च मागणी उन्हाळ्यात येते. मध्य प्रदेशाची येते डिसेंबर-जानेवारीत, कारण रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. शेतीच्या वेगळ्या वाहिन्यांवर दिवसाकाठी दहा तास वीज देण्याचे राज्याचे धोरण आहे, पण ती पाळ्यांनी, आणि पाळी रात्रीची आली की माळव्यातला शेतकरी जानेवारीच्या कडाक्यात, घोंगडी पांघरून, हातात काठी नि कंदील घेऊन शेतात उभा राहतो. साप-विंचवाचे भय वेगळेच. नोकरीच्या काळात खात्याच्या कामासाठी देवास-शाजापूरकडे फिरताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला शेतकऱ्याकडून वर्षाला अश्वशक्तीमागे साडेसातशे रुपयांच्या घरात आकार घेतला जातो. उरलेला खरा खर्च राज्याची तिजोरी अनुदान म्हणून भरते. शेतीच्या उपकेंद्राशेजारीच पाच-दहा एकरांवर सौर केंद्र उभारून त्या वाहिनीला दिवसाच वीज द्यावी, अशी योजना २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम कार्यक्रमात आहे. सौर विजेचा इतका सरळ उपयोग दुसरा मला दिसत नाही. पिकाला पाणी दुपारी दिले काय नि रात्री दिले काय, विजेच्या दृष्टीने सारखेच. पण शेतकऱ्याची रात्र वाचते आणि तिजोरीचे अनुदानही हलके होते. डिसेंबरचे ऊनही त्यासाठी चांगले असते, हे मघाशी आपण पाहिलेच.

आता घराच्या गच्चीकडे येऊ, कारण सभेतल्या बहुतेकांचा प्रश्न तोच असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. दोन घरे कल्पनेत घ्या.

पहिले घर इंदूरच्या एखाद्या जुन्या वसाहतीतले, स्वतःचे, दुमजली. वापर महिन्याला तीनशे युनिट. चढत्या टप्प्यांच्या दराने, स्थिर आकार व शुल्क धरून त्यांचे देयक दोन हजारांच्या पुढे जाते. तीन किलोवॅटची पॅनेले लावली की दिवसाला बारा, महिन्याला तीनशे साठ युनिट तयार होतात. एकूण खर्च समजा एक लाख ऐंशी हजार, अनुदान वजा जाता एक लाख दोन हजार. वर्षाला बावीस-चोवीस हजारांची बचत. साडेचार-पाच वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेल तर वीस-पंचवीस वर्षे चालते.

दुसऱ्या घराचा वापर महिन्याला एकशे वीस युनिट. राज्याच्या अटल गृहज्योती योजनेत दीडशे युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली शंभर युनिटे शंभर रुपयांत मिळतात. त्यांचे देयक जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे. त्यांनी एक किलोवॅट बसवून अनुदान वजा जाता चाळीस हजार रुपये खर्च केले, तर ते वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील. शिवाय हे कुटुंब बहुधा भाड्याने राहते. गच्ची त्यांची नाहीच.

म्हणजे गच्चीवरची सौर वीज आज त्यालाच परवडते, जो महाग टप्प्यातली वीज घेतो आणि ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे. त्यात गैर काही नाही. पण याच ग्राहकाच्या चढ्या दरातून कंपनी खालच्या टप्प्यातल्या ग्राहकाची तूट भरून काढत असते. तो बाजूला झाला की ती तूट उरलेल्यांवर, नाहीतर तिजोरीवर, म्हणजे फिरून आपल्यावरच येते.

इथे मला थोडे अप्रिय बोलावे लागेल. माझे पुष्कळ मित्र अभिमानाने सांगतात, ‘आमचे बिल शून्य आले.’ दुहेरी मोजणीच्या मीटरमुळे असे होते. दुपारी गच्चीवर तयार झालेली जास्तीची वीज तारांतून बाहेर जाते, रात्री तेवढीच परत घेतली जाते, आणि मीटर वजाबाकी दाखवतो. वास्तविक दुपारची वीज कोणी गच्चीवर साठवून ठेवलेली नसते. ती शेजाऱ्याने वापरलेली असते, आणि रात्री आपल्याला मिळते ती सिंगाजीच्या कोळशाची. तारा, रोहित्रे, रात्रपाळीचा लाइनमन ही सारी व्यवस्था आपण बँकेसारखी वापरतो आणि लॉकरचे भाडेही द्यायला कुरकुरतो. आरंभी प्रसारासाठी अशी सवलत देणे योग्यच होते. पुढे मात्र तारांचा रास्त आकार सर्वांनी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझ्या स्वतःच्या गच्चीवर पॅनेले असताना मी ते सांगत आहे.

यापेक्षा मोठी गच्ची आपल्या शहराची आहे. तिचा हिशेब आपण सगळ्यांनी समजून घेण्याजोगा आहे, कारण तो आपल्या पाण्याचा आहे. एके काळी इंदूरची तहान यशवंतसागर आणि बिलावली भागवत असत. शहर वाढले, पाणी पुरेना, १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. महेश्वरच्या पूर्वेला काही मैलांवर मंडलेश्वर, तेथे जलूद. तिथून सुमारे सत्तर किलोमीटर वाहिनीने, विंध्याची चढण चढून पाणी येते. चढ सुमारे साडेपाचशे मीटरांचा.

गुरुजींच्या वर्गात शिकलेले सूत्र इथे लावू. हजार लिटर पाणी साडेपाचशे मीटर उचलायला दीड युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा नियम, यात कोणालाही सूट नाही. पंप, मोटारी आणि नळांतील घर्षण यांची गळती धरली तर दोन युनिट. पाच रुपये युनिट धरा. पंधरा लिटरच्या एका हंड्यामागे पंधरा पैशांची नुसती वीज. दिवसाला चाळीस कोटी लिटर पाणी चढवायचे म्हटले, तर रोजची आठ लाख युनिटे, म्हणजे रोजचे चाळीस लाख रुपये. नळपट्टीतून हे निघत नाही. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या पैशाला कात्री लागते ती इथे.

म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढले. जलूदला साठ मेगावॅटचे सौर केंद्र उभारण्यासाठी २४४ कोटी रुपये, व्याज ८.२५ टक्के. सामान्य गुंतवणूकदारालाही ते घेता येत होते. मागणी सातशे कोटींच्या वर गेली. आता आपला चाराचा आकडा घ्या. साठ हजार किलोवॅट गुणिले चार, म्हणजे दिवसाला दोन लाख चाळीस हजार युनिटे. आठ लाखांपैकी तीस टक्के. वर्षाला सुमारे पावणेनऊ कोटी युनिटे, पाच रुपयांच्या भावाने चव्वेचाळीस कोटी रुपये. रोख्यांचे पहिल्या वर्षाचे व्याज वीस कोटी. तारांचा आणि देखभालीचा आकार वजा केला तरी व्यवहार फायद्याचा दिसतो.

आणि उरलेल्या सत्तर टक्क्यांचे काय? इथे मला इंजिनीयर म्हणून एक गोष्ट सुचवाविशी वाटते. जलूदचे पंप रात्रंदिवस चालतात, सूर्य मात्र दिवसाच. सूर्याची वीज रात्रीसाठी साठवायची तर महागडी बॅटरी हवी. पाणी साठवायला मात्र टाकी पुरते. पंपांची आणि वाहिनीची क्षमता वाढवून दिवसा अधिक पाणी चढवले, वरच्या बाजूला मोठे जलकुंभ बांधले आणि रात्री पंप मंद केले, तर पाणी हीच आपली बॅटरी होते. खर्च होईल, नाही असे नाही. वाहिनी जाड घालावी लागेल. तरी तो हिशेब एकदा नीट मांडला जावा.

केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केलेला बदलही याच दिशेचा आहे. दिवसातले आठ तास ‘सौर तास’ ठरवायचे आणि त्या काळात दर किमान वीस टक्के कमी ठेवायचा, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत तो वाढवायचा. मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून इतरांना १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसला असेल तर, असे दर लावायचे होते. पीठगिरणी, इस्त्री, पाणी तापवणे, गच्चीवरची टाकी भरणे ही कामे दहा ते चारमध्ये उरकली तर फरक पडेल. माझ्या पत्नीने हे कोणताही नियम न वाचता सुरू केले. तिला मीटर पाहण्याची सवय आहे, मला मीटरवर व्याख्यान देण्याची.

साठवणीचीही सोय हळूहळू होत आहे. चंबळेवरचे गांधीसागर १९६० मध्ये वीज देऊ लागले आणि माळव्याच्या कितीतरी गावांनी पहिला दिवा त्या ११५ मेगावॅटच्या केंद्रामुळे पाहिला. आता त्याच जलाशयाला लागून नीमच जिल्ह्यात १,४४० मेगावॅटचा पंप-साठवण प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुरैनाच्या निविदेत सौर केंद्राबरोबर बॅटरीही जोडून, संध्याकाळी आणि सकाळी गर्दीच्या तासांतही वीज पुरवण्याच्या अटीवर २.७० रुपये दर निघाला. रीवाला नुसत्या दिवसाच्या विजेसाठी २.९७ मोजले होते. खानावळीच्या रात्रीच्या पाटालाही आता स्पर्धक निर्माण होत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जुन्या केंद्रांचे स्थिर आकार मात्र करार संपेपर्यंत आपल्या देयकात राहणार आहेत. तेवढा धीर धरावा लागेल.

शेवटी आपल्या शाळेच्या गच्चीविषयी, कारण माजी विद्यार्थी मंडळाने मला तसे खास विचारले आहे. सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे. शाळेला ते मिळणार नाही, हे गृहीत धरून चालावे. तरीही शाळा हा सौर विजेचा उत्तम ग्राहक आहे. आपले पंखे, संगणक कक्ष आणि पाण्याचा पंप हे सगळे दिवसाच चालते. वीस किलोवॅटसाठी सुमारे दोन हजार चौरस फूट मोकळी, सावलीविरहित गच्ची लागेल आणि रोजची ऐंशी युनिटे मिळतील. मे महिन्याच्या सुट्टीत तयार होणारी वीज मीटरवर जमा राहून जूननंतर वापरता येते, आणि आर्थिक वर्षाचा हिशेब मार्चअखेर होत असल्याने तो क्रम आपल्याला सोयीचा आहे. काचा आठवड्यातून एकदा भल्या पहाटे धुवाव्यात. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. मी गेल्या महिन्यात दोन्ही गच्च्या पाहिल्या. जुन्या इमारतीच्या गच्चीवर दुपारी तीननंतर पश्चिमेकडच्या कडुनिंबाची सावली येते. नव्या इमारतीची गच्ची मोकळी आहे, पण तिथे पंधरा किलोवॅटच बसतील. पंधराच बसवावेत, आणि कडुनिंबाला हात लावू नये.